कर्करोग-शस्त्रक्रियेची रंगीत तालीम

(संस्थेच्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



स्तनाचा कर्करोग हे शब्द चारचौघांत उच्चारणे आजही अनेक घरांत अवघड जाते. आजार सांगायचाच झाला, तर ‘गाठ आली आहे’ एवढेच सांगितले जाते आणि तेही कुजबुजत. परंतु ‘ग्लोबोकॅन’ या आंतरराष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक पहिला आहे. जो विषय इतक्या घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे, त्याविषयी व्यासपीठावरून मोकळेपणाने बोलले जाणे उचितच होय.

या व्याख्यानाचा रोख मात्र रोगाच्या लक्षणांवर किंवा औषधांवर नाही. शल्यचिकित्सकाच्या हाती एखादे नवे यंत्र देण्यापूर्वी ते यंत्र खरे बोलते की खोटे, याची पारख कोठे आणि कशावर केली जाते, एवढाच मर्यादित प्रश्न येथे घेतला आहे. प्रश्न लहान दिसतो. पण एखाद्या स्त्रीला दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागणार की नाही, हे काही अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये पन्नास रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी हे सारे एकत्र काढून टाकले जाई. पाऊण शतकाहून अधिक काळ या विचाराचा पगडा जगावर राहिला. स्त्रीचा प्राण वाचावा यासाठी तिच्या देहाची केवढीही हानी क्षम्य मानली जात होती. हा समज दोन माणसांनी पुराव्यानिशी मोडला. इटलीतील मिलान येथे उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी १९८१ मध्ये, तर अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, गाठ लहान असताना केवळ गाठ आणि तिच्या भोवतालचा थोडा भाग काढून नंतर किरणोपचार दिले, तर आयुर्मानात फरक पडत नाही. दोघांनीही आपल्या रुग्णांचा वीस वर्षे पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये तोच निष्कर्ष पुन्हा मांडला. वैद्यकशास्त्रात वीस वर्षे धीर धरून हिशेब पूर्ण करणारी माणसे विरळाच. त्यांचे ऋण मोठे आहे.

स्तन राखणारी ही शस्त्रक्रिया आज सर्वमान्य आहे. पण तिने एक नवी अडचण उभी केली. संपूर्ण स्तन काढताना ‘कोठे थांबावे’ हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. आता मात्र तो प्रत्येक वेळी उद्भवतो. कमी कापले, तर रोग आत राहण्याची भीती. जास्त कापले, तर शस्त्रक्रियेचा हेतूच फसला.

शल्यचिकित्सकाने काढलेला तुकडा विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो. तेथे त्या तुकड्याच्या बाहेरील पृष्ठभागाला शाई लावतात, मग त्याचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कर्करोगाच्या पेशी शाईच्या रेषेला भिडलेल्या दिसल्या, तर कड स्वच्छ नाही असे समजतात, कारण रोगाचा काही अंश शरीरात राहिला असण्याचा संभव असतो. आसपासच्या ऊतकांत शिरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेतील शल्य व किरणोपचार तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ मध्ये हाच निकष संमत केला : शाईवर कर्करोग नसावा. किती साधा निकष! अडचण एवढीच की, हा निकाल हाती येईपर्यंत कित्येक दिवस लोटतात. तोवर जखम शिवलेली असते आणि रुग्ण घरी गेलेली असते.

इंग्लंडमधील ५५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तन राखणारी शस्त्रक्रिया झालेल्या दर पाच स्त्रियांपैकी एकीला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती, असे त्यात आढळले. पाचात एक! दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे दुसरी भूल, दुसरा खर्च, पुढच्या उपचारांना विलंब. आणि ज्या दिवशी घरच्यांनी ‘सुटलो एकदाचे’ म्हणून निःश्वास टाकला, त्यानंतर आठवड्याभरात आलेला तो दूरध्वनी. त्याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात येत नाही.

यात शल्यचिकित्सकाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याला आधार असतो तो बोटांच्या स्पर्शाचा आणि आधी काढलेल्या प्रतिमांचा. गाठ हाताला लागत नसेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी एक बारीक तार गाठीपर्यंत रोवून ठेवतात आणि त्या तारेच्या मागावर तो जातो. परंतु रोगाची कड डोळ्यांना वेगळी दिसत नाही. निरोगी ऊतक आणि रोगट ऊतक दोन्ही त्याच पिवळसर-तांबूस रंगाचे. कापडाच्या व्यवहारातील मंडळींना हे चटकन उमगेल. ताग्याची घडी उलगडून वरवर पाहिले तर विणीतला दोष दिसत नाही; तेच कापड उजेडासमोर आडवे धरले की एकेक धागा बोलू लागतो. गेल्या दोन दशकांत वैद्यकशास्त्र जे शोधत आहे, ते असा उजेडच होय.

अंधाऱ्या खोलीत हाताच्या तळव्याखाली विजेरी धरली, तर तळवा लाल दिसतो. निळा-हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते. लाल प्रकाश त्या मानाने पार होतो. लालच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश आहे. त्याला निकट-अवरक्त म्हणतात. त्याची तरंगलांबी साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर असते. या पट्ट्यात रक्तही फारसे शोषत नाही आणि पाणीही फारसे शोषत नाही, म्हणून तो ऊतकांत सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडा खोल शिरतो. अशा प्रकाशात उजळणारे एखादे रंगद्रव्य गाठीपर्यंत पोहोचवले आणि तो उजेड टिपणारा कॅमेरा शस्त्रक्रियेच्या टेबलावर टांगला, तर पडद्यावर गाठ चमकताना दिसेल, अशी ही कल्पना. इंडोसायनिन ग्रीन नावाचे असे एक रंगद्रव्य कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मले आणि अमेरिकेत १९५९ पासून मान्यताप्राप्त आहे. छायाचित्रणाच्या धंद्यातून आलेली वस्तू रुग्णालयात इतकी वर्षे टिकावी, हा एक गमतीचा योग.

आता मूळ प्रश्न. असा कॅमेरा तयार झाला. तो विश्वासार्ह आहे हे कसे ठरवायचे? थेट रुग्ण स्त्रीवर प्रयोग करणे सुरुवातीलाच योग्य नव्हे. कॅमेऱ्याने ‘येथे काही नाही’ असे सांगितले आणि तेथे रोग निघाला, तर त्याची किंमत तिने मोजायची. शिवाय शरीरात नेमके काय आहे हे आधी ठाऊक नसते, म्हणून कॅमेऱ्याचे उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळतही नाही. प्रयोगशाळेतील उंदरावर चाचणी होते, परंतु उंदराचे अख्खे शरीर दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे. मानवी स्तनात दोन सेंटिमीटर खोल असलेली गाठ दिसते का, हा प्रश्न उंदराला विचारताच येत नाही.

राहिला तिसरा मार्ग. मानवी ऊतकासारखी वागणारी, पण आत काय ठेवले आहे ते पुरते ठाऊक असलेली प्रतिकृती तयार करणे. तिला शास्त्रज्ञ ‘फँटम’ म्हणतात. शब्दाचा अर्थ भूत किंवा आभास. पण वस्तू अगदी घट्ट आणि हिशेबी. दुकानातील मीटरपट्टी खरी आहे की नाही, हे वजनमाप निरीक्षक गिऱ्हाइकाच्या कापडावर पाहत नाही, प्रमाणित पट्टीशी ताडून पाहतो. तद्वतच हे. मॅमोग्राफीच्या क्ष-किरण यंत्रांसाठी ही प्रथा जुनी आहे. अमेरिकेत त्यासाठी वापरात आलेल्या परंपरागत ठोकळ्यात १६ वस्तू दडवलेल्या असत : ६ तंतू, कणांचे ५ पुंजके आणि ५ गाठी. यंत्राच्या प्रतिमेत किमान ४ तंतू, ३ पुंजके आणि ३ गाठी दिसल्या, तर यंत्र उत्तीर्ण. परीक्षा कडक, आणि उत्तरपत्रिका आधीच तयार.

शस्त्रक्रियेसाठी लागणारी प्रतिकृती याहून अवघड. ती नुसती पाहायची नसते, कापायची असते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील विद्यापीठ वैद्यकीय केंद्रात शल्यचिकित्सक गोइत्झेन व्हान डाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युनिकच्या संशोधकांसह असे काम केले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची कृती एखाद्या पाककृतीसारखी वाटते. स्तनाच्या आकाराचा साचा. त्यात जिलेटिनचे कोमट द्रावण. रक्ताप्रमाणे प्रकाश शोषला जावा म्हणून त्यात हिमोग्लोबिन. आणि चरबीयुक्त ऊतकात प्रकाश जसा विखुरतो तसा विखुरावा म्हणून इंट्रालिपिड, म्हणजे रुग्णाला शिरेतून पोषण देण्यासाठी वापरतात ते सोयाबीन तेलाचे दुधासारखे पांढरे द्रावण. गाठ म्हणून ॲगारोजच्या गोळ्या, त्यांत इंडोसायनिन ग्रीन मिसळलेले. या गोळ्या निरनिराळ्या खोलीवर रोवायच्या, वरून उरलेले द्रावण ओतायचे आणि थंडाव्यात गोठू द्यायचे. मिश्रण फार गरम असताना हिमोग्लोबिन घातले तर ते बिघडते, म्हणून आधी निववावे लागते. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या भगिनींना या खबरदारीचे नवल वाटू नये.

मग शल्यचिकित्सकाने या प्रतिकृतीवर खरोखरची शस्त्रक्रिया करायची. प्रथम कॅमेऱ्याने गाठ हुडकायची. कापून काढल्यावर उरलेल्या पोकळीवर कॅमेरा फिरवून काही चमकते का ते पाहायचे. शेवटी काढलेला तुकडा उलटसुलट करून त्याच्या कडा तपासायच्या. सुमारे दोन सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या गाठी कॅमेऱ्याला दिसल्या. कोणत्याही स्त्रीला न दुखावता एवढे कळले. त्याच वर्षी याच शल्यचिकित्सकाच्या गटाने बीजाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर, गाठीलाच जाऊन चिकटणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने जगातील अशी पहिली शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध झाले.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणालाही समाधान वाटेल. व्यापारी मनाला मात्र येथेच शंका यावी, आणि ती यायलाच हवी. नमुना दाखवताना तो मालाहून सरस असला तर काय होते? सौदा होतो, पण पुढे तक्रार येते. प्रतिकृतीचेही तसेच आहे. ती यंत्राला सोपा पेपर देणारी असेल, तर यंत्र दरवेळी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल आणि नापास होईल ते रुग्णाच्या शरीरात. प्रतिकृती नसणे परवडेल, पण यंत्राची खुशामत करणारी प्रतिकृती परवडणार नाही.

अशी खुशामत कशी होते, त्याचे एक-दोन मासले पाहावेत. प्रतिकृतीत रंगद्रव्य फक्त गाठीत असते. भोवतालचे जिलेटिन काळोखे. प्रत्यक्ष शरीरात रंगद्रव्याचा थोडा अंश निरोगी ऊतकांतही पसरतो आणि काही ऊतके तर स्वतःहूनच मंद उजळतात. काळोखात पणती दिसते, त्यात पणतीचे कौतुक काय? संध्याकाळच्या उजेडात दिसली तर खरी. म्हणून सचोटीने काम करणारे संशोधक भोवतालच्या भागातही मुद्दाम थोडे रंगद्रव्य मिसळतात. दुसरे असे की, खोल असलेली मोठी गाठ आणि उथळ असलेली लहान गाठ पडद्यावर सारखीच चमकू शकतात. आणि इंडोसायनिन ग्रीनचा एक विचित्र स्वभाव आहे : त्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे वाढवले, तर उजेड वाढण्याऐवजी घटतो. हे ठाऊक नसेल, तर ज्या गाठीत सर्वाधिक रंगद्रव्य आहे तीच फिकट दिसून नजरेतून सुटावी. ही सारी अपयशे प्रतिकृतीवर घडणे हिताचे, कारण तेथे त्यांची किंमत जिलेटिनच्या एका गोळ्याएवढी असते.

उजेडाइतकाच स्पर्शही महत्त्वाचा. कॅनडातील टोरांटो येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाच्या १६९ ऊतक-नमुन्यांचा कठीणपणा मोजला गेला. तीव्र स्वरूपाच्या कर्करोगाची गाठ भोवतालच्या ग्रंथियुक्त ऊतकाच्या तुलनेत तेरा पटीपर्यंत कठीण असू शकते, असे त्यात आढळले. म्हणजे प्रतिकृतीतील गाठ मऊ ठेवली, तर शल्यचिकित्सकाची बोटे फसतील. फार कठीण ठेवली, तर कॅमेऱ्याची गरजच भासणार नाही. येथे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा पदार्थ उपयोगी पडतो. यंत्रमागाच्या धंद्यातील मंडळींना तो सुताला लावायच्या खळीतला घटक म्हणून परिचित आहे. त्याचे द्रावण गोठवायचे, वितळू द्यायचे, पुन्हा गोठवायचे. दर फेरीला ते अधिक घट्ट होत जाते. फेऱ्यांची संख्या बदलून चरबीसारखे मऊ आणि गाठीसारखे टणक असे दोन्ही पोत एकाच पदार्थातून साधता येतात.

आणखी एक अडचण आहे, ती देहाच्या ठेवणीची. स्तनाची एमआरआय तपासणी रुग्णाला पालथे निजवून करतात. शस्त्रक्रिया उताणे निजवून. स्तन मऊ असल्यामुळे दोन्ही स्थितींत गाठीची जागा कित्येक सेंटिमीटरांनी बदलते. नकाशा एका गावाचा आणि प्रवास दुसऱ्या गावाचा. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट आणि डार्टमथ येथील गटांनी उताण्या स्थितीतील एमआरआयच्या आधारे मार्गदर्शन करण्याचे प्रयत्न केले आहेत. अशा पद्धती पारखण्यासाठी जी प्रतिकृती हवी, ती खऱ्या स्तनाप्रमाणे दबणारी आणि सरकणारी असावी लागते; ताठ ठोकळा तेथे निरुपयोगी.

या सभेत एक प्रश्न स्वाभाविकपणे मनात येणारच. या प्रतिकृतींमुळे मुक्या जीवांवरील प्रयोग टळतात का? काही अंशी टळतात, हे निश्चित. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच ग्रंथरूपाने असा आग्रह धरला होता की, प्राण्यांऐवजी पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या घटवावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात. भारतातही नव्या औषधांच्या चाचण्यांसंबंधीच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन प्राण्यांवाचूनच्या पद्धतींना वाव मिळाला. परंतु सत्य पूर्ण सांगायचे, तर वर वर्णन केलेल्या प्रतिकृतीतील जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते, हिमोग्लोबिन सहसा गुराढोरांच्या रक्तातून येते आणि इंट्रालिपिडमध्ये सोयाबीन तेलाबरोबर अंड्यातील लेसिथिन असते. म्हणून ‘संपूर्ण अहिंसक’ ही पाटी तिच्यावर घाईने लावू नये. पर्याय मात्र उपलब्ध आहेत. ॲगार समुद्रशैवालापासून मिळते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि सिलिकोन कृत्रिम आहेत. रक्ताच्या जागी काळी शाई किंवा रंजक द्रव्ये चालतात आणि प्रकाश विखुरण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी, जी पॉलिएस्टर धाग्याची चमक मारण्यासाठीही घालतात. यांतील काही पदार्थ अधिक टिकाऊही आहेत. जिलेटिनवर बुरशी धरते, ते उन्हाळ्यात पाघळते आणि त्यातील गाठीचे रंगद्रव्य हळूहळू भोवती झिरपते.

प्रतिकृतीला जे विचारता येत नाही, तेही लक्षात ठेवले पाहिजे. पेग्युलिसियानिन नावाच्या रंगद्रव्यास आणि त्याच्या कॅमेऱ्यास अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. त्यापूर्वी झालेल्या चाचणीत ३५७ स्त्रियांवर नेहमीची शस्त्रक्रिया पूर्ण झाल्यावर पोकळीवर हा कॅमेरा फिरवण्यात आला. त्यांपैकी २७ जणींच्या शरीरात मागे राहिलेला कर्करोग त्यामुळे सापडला आणि काढला गेला. पहिल्या छाटणीनंतर कड स्वच्छ नसलेल्या ६२ जणी होत्या. त्यांतील ९ जणींची दुसरी शस्त्रक्रिया टळली. या संख्या लहान वाटतील. त्या २७ जणींच्या घरी त्या लहान नव्हेत. तथापि जेथे खरोखर रोग शिल्लक होता, त्यांतील जवळपास निम्म्याच ठिकाणी यंत्राने खूण दाखवली. शिवाय या रंगद्रव्याची गंभीर ॲलर्जी येऊ शकते, असा ठळक इशारा त्याच्या वेष्टणावर द्यावा लागला आहे. कोणते रंगद्रव्य कोणत्या पेशीत किती शिरेल, कोणाच्या शरीराला ते सोसणार नाही, याचे उत्तर जिलेटिनचा गोळा देऊ शकत नाही. तेथे शेवटी संमती देणारी स्त्रीच लागते. तिच्यापुढे जाण्यापूर्वी कॅमेऱ्याचे दोष कॅमेऱ्याच्या खात्यावर आणि रंगद्रव्याचे दोष रंगद्रव्याच्या खात्यावर वेगवेगळे मांडलेले असावेत, एवढे काम प्रतिकृती करते.

एक उणीव बरीच वर्षे राहिली. प्रत्येक प्रयोगशाळा आपापली प्रतिकृती बनवी. कोणाचे जिलेटिन घट्ट, कोणाचे पातळ. त्यामुळे एका गावचा कॅमेरा दुसऱ्या गावच्या कॅमेऱ्याहून सरस की निकृष्ट, हे सांगताच येईना. गज दोन आणि दोघांची लांबी निराळी, असा तो प्रकार. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने अलीकडे अशा कॅमेऱ्यांच्या पारखीसाठी मार्गदर्शक अहवाल प्रसिद्ध केला आहे. न सुकणाऱ्या व न पाघळणाऱ्या घन रेझिनच्या प्रमाण प्रतिकृतीही आता तयार होतात. त्यांतील रंगद्रव्याची पातळी आणि खोली मोजून ठरवलेली असते. असा ठोकळा डब्यात घालून एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पाठवता येतो आणि काही महिन्यांनी त्याच कॅमेऱ्यासमोर पुन्हा ठेवून त्याची नजर मंदावली आहे काय, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पाहता येते.